मोबाइल नंबर इंटमध्ये ठेवलात तर 'आउट ऑफ रेंज' येणारच, आणि स्ट्रिक्ट मोड बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की साध्या पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये क्लासच्या ॲडमिशनचा फॉर्म बनवला, लोकलला, म्हणजे स्वतःच्या कॉम्प्युटरवर, झॅम्प या पीएचपी-डेटाबेसच्या तयार पॅकेजवर नीट चालत होता, लाइव्ह सर्व्हरवर टाकल्यावर सबमिट केलं की 'आउट ऑफ रेंज व्हॅल्यू फॉर कॉलम मोबाइल ॲट रो १' असा एरर यायला लागला, नंबर १२६४. मग कुणीतरी सांगितलं की एसक्यूएल मोड या डेटाबेसच्या सेटिंगमधून स्ट्रिक्ट (न बसणारी व्हॅल्यू नाकारणारा मोड) काढून टाका, तो काढला, एरर गेला. आणि आता टेबल उघडून बघितलं तर सगळ्या मुलांचे मोबाइल नंबर सारखेच दिसतायत, २१४७४८३६४७. हे दुरुस्त कसं करायचं आणि जुने नंबर परत मिळतील का?

आधी तातडीचं सांगतो, कारण फॉर्म अजून चालू असेल तर प्रत्येक सबमिटला एक नंबर कायमचा जातोय. फॉर्म थोडा वेळ बंद ठेवा, टेबलचा बॅकअप घ्या, आणि मोबाइलचा कॉलम ऑल्टर करून (त्याचा टाइप बदलून) वारचार १६, म्हणजे १६ अक्षरांपर्यंतचा मजकूर, करा. त्यानंतर स्ट्रिक्ट मोड परत चालू करा. मग ज्या ज्या ओळीत २१४७४८३६४७ आहे तिथे नल, म्हणजे 'व्हॅल्यू नाही' अशी खूण, टाका. हे नल टाकणं विसरू नका, कारण तो आकडा तसाच राहिला तर उद्या कुणीतरी एसएमएस पाठवायची स्क्रिप्ट चालवणार. आणि गंमत नाही, २१४ हा अमेरिकेत डॅलसचा एरिया कोड आहे, त्यामुळे हा आकडा तिकडच्या खऱ्या फोन नंबरसारखा दिसतो आणि १० आकडी असल्यामुळे साध्या व्हॅलिडेशनमधूनही आरामात पास होतो.

आता हे झालं कसं ते बघू. मायएसक्यूएलमधला इंट, म्हणजे इंटीजर किंवा पूर्णांकाचा कॉलम, चार बाइटचा असतो, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ बसतं, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. अनसाइन्ड, म्हणजे वजा आकडे न घेणारा, केला तर ४२९४९६७२९५, म्हणजे ४२९ कोटींच्या थोडं वर. आपल्याकडचा मोबाइल नंबर १० आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा, म्हणजे लहानात लहान नंबर धरला तरी ६०० कोटी होतो. त्यामुळे भारतातला एकही मोबाइल नंबर इंटमध्ये बसत नाही, अनसाइन्डमध्ये पण नाही. टेस्टिंगला १२३४५६७८९० टाकलेला असतो (१२३ कोटी, आरामात बसतो) म्हणून लोकलला कळत नाही, हे मी दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये इतक्यांदा बघितलंय की असा एरर दिसला की पहिला प्रश्न तोच विचारतो, टेस्टिंगला कुठला नंबर टाकला होता.

आणि हो, इंटच्या पुढे कंसात १० किंवा ११ लिहिलं म्हणजे १० आकडी नंबर बसेल असा समज फार पसरलेला आहे. तो कंसातला आकडा फक्त दाखवताना किती जागा धरायची याचा होता, साठवायच्या मर्यादेशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि मायएसक्यूएल ८.०.१७ पासून इंटीजरसाठी तो डेप्रिकेटेड केलाय, म्हणजे यापुढे वापरू नका असं सांगितलंय. वारचारच्या कंसातला आकडा वेगळा, तिथे तो खरंच अक्षरांची मर्यादा असतो, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

लोकलला चाललं आणि सर्व्हरवर फुटलं त्याचं दुसरं कारण म्हणजे मोड वेगळे. मायएसक्यूएल ५.७ पासून आणि मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) १०.२ च्या सुरुवातीच्या रिलीजपासून स्ट्रिक्ट मोड डिफॉल्ट चालू असतो, पण झॅम्पच्या कॉन्फिग फाइलमध्ये एसक्यूएल मोडची वेगळी ओळ असते आणि तिच्यात स्ट्रिक्ट बऱ्याचदा नसतो. स्ट्रिक्ट असेल तर न बसणारी व्हॅल्यू आली की डेटाबेस इन्सर्ट नाकारतो. नसेल तर तो आकडा कापून कॉलमच्या मर्यादेला आणून ठेवतो, एक वॉर्निंग देतो आणि पुढे जातो, आणि ती वॉर्निंग पीएचपीमध्ये कोणी वाचत नाही. म्हणून तुमच्याकडे सगळ्यांचा नंबर एकच झाला. माझं स्पष्ट मत आहे की डेव्हलपमेंटच्या मशीनवर स्ट्रिक्ट बंद ठेवणं ही सगळ्यात घातक सेटिंग आहे. एसक्यूएल मोड नावाचं व्हेरिएबल सिलेक्ट करून बघा, त्यात स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स नसेल तर आजच टाका. लाराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी डेटाबेसच्या कॉन्फिग फाइलमधली स्ट्रिक्टची सेटिंग बघा, ग्रुप बायचा (ओळींचे गट करणाऱ्या क्वेरीचा) एरर येतो म्हणून ती फॉल्स करणारे बरेच लोक आहेत, आणि ग्रुप बायच्या एका क्वेरीसाठी ते सगळ्या डेटाचं संरक्षण काढून टाकतायत हे त्यांना माहीतच नसतं. ग्रुप बायचा मोड वेगळा आहे, फुल ग्रुप बाय नावाचा, काढायचाच असेल तर तेवढाच काढा, खरं तर क्वेरीच दुरुस्त करा.

स्ट्रिक्ट चालू असूनही हीच कापाकापी दोन ठिकाणी होते ते लक्षात ठेवा. एक म्हणजे इन्सर्ट इग्नोर. लोक तो डुप्लिकेट टाळायला वापरतात, पण तो रेंजचे एररसुद्धा वॉर्निंगमध्ये बदलतो आणि कापलेली व्हॅल्यू आत घालतो. दुसरं म्हणजे लोड डेटा लोकल, सीएसव्ही आत घेताना. त्यातून एक्सेलचा आणखी एक त्रास, ९१ लावलेला १२ आकडी नंबर एक्सेल ९.१९ई+११ अशा रूपात दाखवतं आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहितं, मग पुढचे आकडे मूळ फाइलमध्येच गेलेले असतात आणि डेटाबेसला कितीही चांगला कॉलम दिलात तरी काही उपयोग नाही. तो कॉलम एक्सेलमध्ये आधीच टेक्स्ट फॉरमॅट करून घ्यायचा.

बरं, मग वारचार का, बिगइंट (आठ बाइटचा मोठा इंट) का नाही? बिगइंटमध्ये मोबाइल नंबर बसतो, एरर पण जाईल. पण मी एकच प्रश्न विचारतो, या आकड्याची कधी बेरीज किंवा सरासरी काढणार आहात का? मोबाइल नंबर, पिन कोड, आधार, बँक अकाउंट नंबर, रोल नंबर, यांची बेरीज कोणी करत नाही, ही आकड्यांनी लिहिलेली नावं आहेत, त्यांना अक्षरं म्हणूनच ठेवायचं. इंटीजर केलं की पुढचा शून्य जातो आणि अधिकचं चिन्ह जातं. आपल्याकडच्या पिन कोडला पुढे शून्य नसतो म्हणून खपून जातं, पण तुमच्या ॲपमधला एखादा पालक न्यू जर्सीत एडिसनला राहत असेल तर त्याचा झिप ०८८१७ चा ८८१७ होणार. फोन नंबरसाठी आंतरराष्ट्रीय नियम जास्तीत जास्त १५ आकड्यांचा आहे, त्यात पुढचं अधिकचं चिन्ह धरलं की १६, म्हणून वर वारचार १६ सांगितला. आत साठवताना सगळे नंबर एकाच रूपात ठेवा, अधिक ९१ आणि पुढे १० आकडे, स्पेस आणि डॅश काढून. पुढे शून्य लावून लिहिणारे, ९१ लावून लिहिणारे आणि नुसता नंबर लिहिणारे तिघेही येतात, नाहीतर एकाच माणसाची तीन अकाउंट होतात.

फॉर्मच्या बाजूला मोबाइलचं इनपुट टाइप नंबर ठेवू नका, टाइप टेल ठेवा. टाइप नंबरला मॅक्सलेंथ लागू होत नाही, लोक लावतात आणि चालतंय असं समजतात, आणि त्या खोक्यावर माउसचं चाक फिरलं तर कधी कधी आकडा एकने बदलतो. आणि ब्राउझरमधलं व्हॅलिडेशन ही फक्त भरणाऱ्याची सोय, ते कोणीही बायपास करू शकतो, खरी तपासणी सर्व्हरवर. लाराव्हेलमध्ये इथे एक खास खड्डा आहे, वयाला नुसता मॅक्स १२० असा रूल लावला आणि सोबत इंटीजर किंवा न्युमेरिक लिहिलं नाही तर तो १२० अक्षरांची मर्यादा समजतो, मग ९९९ हे तीन अक्षरांचं वय पास होतं आणि खाली टायनीइंटवर (सगळ्यात छोट्या इंटवर) जाऊन आपटतं, कारण टायनीइंट १२७ ला संपतो.

मराठी लोकांसाठी ॲप करताना अजून एक बघा, काही जण मराठी कीबोर्डवरून ९८ असे देवनागरी आकडे टाकतात. पायथॉनचा इंट हे आकडे व्यवस्थित वाचतो, जावास्क्रिप्टचा नंबर मात्र नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', असं देतो, आणि मायएसक्यूएल आउट ऑफ रेंज न म्हणता इनकरेक्ट इंटीजर व्हॅल्यू म्हणतो, म्हणजे एकच नंबर तीन ठिकाणी तीन वेगळ्या पद्धतीने वागतो. सर्व्हरवर आल्या आल्या देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या आणि मगच तपासा. चुकीचा नंबर म्हणून त्या माणसाला परत पाठवू नका, त्याने काही चूक केलेली नाही.

मोबाइलचा विषय इथे संपला, पण रेंजचे खरे त्रासदायक एरर जे खरंच आकडे आहेत त्यांच्यात असतात, आणि तुमचं क्लासचं सॉफ्टवेअर आहे म्हणून टक्केवारीचं सांगायलाच पाहिजे. टक्केवारीला डेसिमल ४,२ देणारे खूप जण आहेत, ९२.४० नीट बसतं, ८७.६० बसतं. पण डेसिमल ४,२ म्हणजे एकूण चार आकडे आणि त्यातले दोन पॉइंटनंतरचे, म्हणजे मर्यादा ९९.९९. दहावीला १०० टक्के मिळवणारी मुलं आता दरवर्षी असतात. एका कॉलेजच्या ॲडमिशन पोर्टलचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तिथे स्ट्रिक्ट बंद होता आणि १०० टक्के भरलेल्या मुलीच्या फॉर्मवर ९९.९९ छापून येत होतं. आई-वडील मार्कशीट घेऊन काउंटरवर उभे, आणि काउंटरवरचा माणूस त्यांना सांगतोय की तुम्हीच चुकीचं भरलंय, परत भरा, ते परत भरतायत आणि परत ९९.९९. मेरिट लिस्टमध्ये ती मुलगी मागे गेली असती. तिथे स्ट्रिक्ट चालू असता तर निदान फॉर्म अडकला असता आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी डेव्हलपरला फोन केला असता. डेसिमल ५,२ करणं हे एका मिनिटाचं काम होतं, पण आधी कापल्या गेलेल्या सगळ्या फॉर्मचे मार्क मार्कशीटशी परत ताडून बघावे लागले. तसंच फीचं, डेसिमल ७,२ ची मर्यादा ९९९९९.९९, म्हणजे एक लाख रुपये फी बसत नाही. पैशाला मी सरळ डेसिमल १२,२ देतो आणि फ्लोट, जो दशांश अंदाजे साठवतो, तो कधीच देत नाही.

वजाबाकीचा एक प्रकार वेगळाच आहे आणि तो स्ट्रिक्ट बंद केला तरी येतो, 'बिगइंट अनसाइन्ड व्हॅल्यू इज आउट ऑफ रेंज', एरर १६९०. बॅचमधल्या शिल्लक जागांचा कॉलम अनसाइन्ड ठेवला, शिल्लक ० असताना त्यातून १ वजा केला की हा येतो. लोक इथे ग्रेटेस्ट लावून बघतात, शिल्लक वजा १ आणि शून्य यातलं मोठं घे म्हणून, पण वजाबाकी आधी होते आणि तिथेच फुटतं, ग्रेटेस्टपर्यंत गाडी पोचतच नाही. कॉलम साइन्ड केला तर एरर जाईल पण शिल्लक वजा तीन होईल, म्हणजे तीन मुलांना नसलेल्या जागा दिल्या. योग्य पद्धत अशी की अपडेटच्या वेअरमध्येच शिल्लक किमान १ असल्याची अट टाकायची आणि किती ओळी बदलल्या ते तपासायचं, शून्य ओळी बदलल्या तर जागा संपल्या असं सांगायचं. यात दोन जणांनी एकाच क्षणी क्लिक केलं तरी गडबड होत नाही, हा मोठा फायदा.

तारखांचं पण बघा. जन्मतारीख टाइमस्टॅम्प कॉलममध्ये ठेवली तर १९७० च्या आधी जन्मलेल्या पालकांची तारीख आत जाणार नाही, कारण टाइमस्टॅम्प १९७० ला सुरू होतो आणि १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. २०३८ लांब आहे असं वाटतं, पण २० वर्षांच्या होम लोनचा शेवटचा हप्ता आजच त्याच्या पलीकडे जातो. जन्मतारखेला डेट, बाकीला डेटटाइम. आणि जावास्क्रिप्टमध्ये 'रेंज एरर इनव्हॅलिड टाइम व्हॅल्यू' येत असेल तर बहुतेक वेळा तारीख आपल्या पद्धतीने दिवस, महिना, वर्ष अशी तिरक्या रेघेने लिहून सरळ न्यू डेटला दिलेली असते. क्रोम ती अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरून वाचतो, त्यामुळे १२ तारखेपर्यंत चुकीची पण चालणारी तारीख मिळते आणि १३ तारखेपासून एरर, म्हणून हा बग महिन्याच्या मध्यावर उगवतो आणि पुढच्या एक तारखेला आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. तो बरा झालेला नसतो, पहिल्या १२ दिवसांत साठवलेल्या तारखाच जास्त धोक्याच्या आहेत, त्या शोधून दुरुस्त करा.

जावास्क्रिप्टचा अजून एक, तिथे पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीचे असतात. त्याच्या पुढचा बिगइंट आयडी जेसनमधून (सर्व्हर आणि ब्राउझरमधल्या डेटाच्या फॉरमॅटमधून) आकडा म्हणून पाठवला तर शेवटचे आकडे बदलतात आणि एररसुद्धा येत नाही, चुकीच्या माणसाचं रेकॉर्ड उघडतं. ट्विटरने २०१० मध्ये याच कारणासाठी प्रत्येक आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली. मोठे आयडी नेहमी स्ट्रिंगमध्ये पाठवा.

आयडीवरून आठवलं, ऑटो इन्क्रिमेंटची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीचा आपोआप वाढत जाणारा आयडी, इंट असेल तर तीही कधीतरी २१४ कोटींना पोचते. छोट्या ॲपला हे होणार नाही असं वाटतं, पण फेल झालेले इन्सर्ट आणि इन्सर्ट इग्नोरसुद्धा आयडी खातात, त्यामुळे ओळी कमी आणि आयडी खूप पुढे असं होतं. ८ नोव्हेंबर २०१८ ला बेसकॅम्प ३ हे प्रोजेक्ट सांभाळायचं ॲप जवळपास पाच तास फक्त वाचण्यापुरतं चालू होतं, कारण त्यांच्या एका टेबलच्या आयडीने ही मर्यादा गाठली होती, आणि ती माणसं वेब प्रोग्रॅमिंगमध्ये अनुभवी होती. नवीन टेबलांना बिगइंटच ठेवा, आणि की बदलताना तिला जोडलेल्या सगळ्या फॉरेन कींचा (दुसऱ्या टेबलांत तोच आयडी ठेवणाऱ्या कॉलमचा) टाइपही बदलायला लागतो.

एरर पकडायचा कसा, तर पीडीओमध्ये (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या एक्स्टेन्शनमध्ये) एक्सेप्शन आलं की त्यातला १२६४ हा नंबर बघा, एसक्यूएल स्टेट २२००३ असते. भरणाऱ्याला डेटाबेसचा मेसेज दाखवू नका, टेबल-कॉलमची नावं बाहेर जातात आणि त्याला काही कळतही नाही, 'मोबाइल नंबर १० आकडी हवा' असं साध्या मराठीत सांगा. पण तुमच्या लॉगमध्ये मात्र पूर्ण नोंद ठेवा, कारण मायएसक्यूएलच्या मेसेजमध्ये कॉलमचं नाव असतं, व्हॅल्यू नसते, आणि व्हॅल्यू न बघता शोधत बसणं फार वेळखाऊ. मोबाइलसारखी खाजगी माहिती असेल तर लॉगमध्ये लांबी आणि पहिले दोन आकडे पुरतात. आणि वय ० ते १२०, टक्के ० ते १०० अशा मर्यादा डेटाबेसमध्येच चेक म्हणून लिहून ठेवा, मायएसक्यूएल ८.०.१६ पासून ते खरंच पाळले जातात, त्याआधी लिहिले तरी दुर्लक्ष व्हायचं, म्हणून तुमचं व्हर्जन आधी बघा.

राहिला प्रश्न जुने नंबर परत मिळायचा. टेबलमधून नाही मिळणार, कापलेला आकडा कापला, त्यातून मूळ काढता येत नाही. पण बाकी जागा शोधा. ॲडमिशन झाल्यावर एसएमएस किंवा व्हॉट्सॲप मेसेज जात असेल आणि तो फॉर्ममधूनच आलेल्या नंबरवर जात असेल, टेबलमधून वाचून नाही, तर मेसेज कंपनीच्या पॅनलवर डिलिव्हरी रिपोर्टमध्ये खरे नंबर आहेत. ऑनलाइन फी घेतली असेल तर पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर पैसे भरणाऱ्याचा नंबर असतो, तो बहुतेक पालकांचाच असतो. फॉर्म भरल्यावर क्लासच्या मेलवर कॉपी येत असेल तर मग प्रश्नच मिटला. सर्व्हर तुमचा स्वतःचा असेल आणि बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद, चालू असेल तर त्याचा फॉरमॅट बघा, स्टेटमेंट किंवा मिक्स्ड असेल तर तुमची मूळ इन्सर्ट क्वेरी खऱ्या नंबरसकट त्यात सापडेल, रो असेल तर तिथेही कापलेलाच आकडा दिसेल. मारियाडीबीला डिफॉल्ट मिक्स्ड असतो आणि मायएसक्यूएल ५.७ ला रो, त्यामुळे लाइव्हला नक्की काय आहे ते कळल्याशिवाय आशा सोडू नका, मात्र जुने बिनलॉग ठरावीक दिवसांनी पुसले जातात म्हणून हे आजच बघा, कॉलम बदलायच्या आधी बघितलं तरी चालेल. यातलं काहीच नसेल तर ज्यांचे नंबर नल केलेत त्यांच्या ईमेलवर नंबर परत भरायची लिंक पाठवा, आणि ज्यांचा ईमेल पण नाही त्यांची यादी प्रिंट काढून क्लासच्या दारावर लावा, मुलं रोज येतातच.